इंगवल्यांच्या अकरा चुका

"माणसानं अग्नी काबूत आणला, त्यानंतर या पृथ्वीवर घडलेली दुसरी मोठी घटना म्हणजे इंगवल्यांच्या घरात दूध विरजलं!"

रंगराव इंगवले यांनी ही घोषणा केली तेव्हा समोर पंचवीसेक माणसं होती. ती सांगलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला आली होती आणि चर्चेला विषय होता गच्चीवरच्या टाकीची गळती. अध्यक्ष म्हणाले, "सूचनेची नोंद घेतली आहे." आणि प्लंबरचं काय करायचं यावर चर्चा पुढे सुरू झाली.

रंगरावांना याचं वाईट वाटलं नाही. निवृत्त तलाठी होते ते. आपण बोलतोय आणि समोरचा दुसऱ्याच चिंतेत आहे, याची त्यांना नोकरीभर सवय होती. उभी हयात त्यांनी वारस नोंदी करण्यात घालवली. कोण कोणाचा मुलगा, कोणाच्या वाट्याला किती गुंठे, हे त्यांना तालुक्यातल्या देवांपेक्षा जास्त ठाऊक. त्यामुळे 'मूळ' हा शब्द उच्चारताना त्यांचा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा.

आणि त्यांचं स्वतःचं मूळ होतं विरजणात. त्यांचे कोणी एक पूर्वज तुकोजी इंगवले मोहिमेवरून परतताना मातीच्या गाडग्यात हे विरजण घोड्यावरून घेऊन आले, आणि तेव्हापासून ते या घरात रोज रात्री दुधाला लागतंय. इंगवल्यांचं विरजण घराबाहेर जात नाही आणि बाहेरचं घरात येत नाही, हा दंडक. शेजारच्या बाई एकदा वाटी घेऊन आल्या होत्या. रंगरावांनी त्यांना दारातच चहा पाजला आणि वाटी रिकामीच परत पाठवली.

"घोड्यावरून आणलं असतं तर पोचेपर्यंत त्याचं ताक झालं असतं," त्यांची पत्नी शालनबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या.

"तुला इतिहासातलं काय कळतंय?"

"इतिहासातलं नाही. ताकातलं कळतंय."

हे सगळं असंच चाललं असतं. पण मध्ये आली डबी.

काडेपेटीएवढं ते यंत्र. खरं नाव लांबलचक होतं, लोक मात्र डबीच म्हणायचे. कशाचाही कण तिच्यात टाका, तो कोणत्या जिवाचा आहे, त्याचं घराणं कुठलं, हे ती तासाभरात सांगायची. सांगलीच्या बाजारात हळद डबीशिवाय विकली जाईना. हापूसच्या पेटीत कर्नाटकी आंबा घालणारे व्यापारी देवदर्शनाला निघून गेले. तांबड्या रश्श्यातलं मटण नक्की कोणाचं, हे कळल्यावर दोन खानावळी रातोरात शाकाहारी झाल्या. याच लाटेत 'सूक्ष्मजीव वारसा मंडळ' स्थापन झालं. घरोघरची जुनी विरजणं, इडलीची आंबवणं, भाकरीचं आंबट पीठ यांच्यातले जिवाणू हा देशाचा ठेवा आहे, तो हरवण्याआधी नोंदवायचा, असं मंडळाचं काम. नोंद झालेल्या विरजणाला नाव आणि मानपत्र मिळणार होतं.

नोंद! रंगरावांनी अर्ज केला, स्मरणपत्र पाठवलं, आणि मंडळाचा माणूस येईपर्यंत बैठकीच्या खोलीत मानपत्रासाठी खिळा ठोकून ठेवला.

आल्या त्या डॉ. तबस्सुम मुजावर, मिरजेच्या. पस्तिशीच्या, पायांत स्पोर्ट्स शूज, पाठीवर पिशवी. त्यांनी दह्याच्या गाडग्यातून चमचाभर दही एका नळीत घेतलं, त्यात कसलंसं औषध टाकलं आणि नळी हलवली.

"हे काय केलंत?" रंगराव दचकले.

"जिवाणूंच्या पेशी फोडल्या. डीएनए आत असतो ना. कवच फोडल्याशिवाय वाचता येत नाही."

"म्हणजे मेले ते?"

"एवढ्यातले मेले, काका. गाडग्यात अब्जावधी शिल्लक आहेत."

रंगरावांनी गाडगं उचलून आपल्या बाजूला घेतलं.

"आता यातून वंश कसा कळणार, ते सांगा. मी तलाठी होतो. मला पटेल असं सांगा."

डॉ. मुजावर हसल्या. "तुमच्या घरी गणपती बसतो?"

"बसतो म्हणजे? पाच दिवस!"

"आरतीत तुमच्याकडे एखादा शब्द चुकीचा म्हणतात का?"

शालनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "एक का? हे म्हणतात ती सगळीच."

"बरोबर. कोणा आजोबांनी कधीतरी एक शब्द चुकवला. मुलांनी तो तसाच उचलला, नातवंडांनीही. त्यातल्या एका नातवानं आपली आणखी एक चूक घातली, ती त्याच्या घरात राहिली. आता मी डोळे मिटून शंभर घरांची आरती ऐकली, तर कोण कोणाकडून शिकलं ते मला चुकांवरून सांगता येईल. बरोबर म्हटलेल्या शब्दांवरून काहीच कळत नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात. ओळख पटते ती चुकांवरून."

"आणि जिवाणू आरती म्हणतात?"

"त्यांचा डीएनए म्हणजे चारच अक्षरांत लिहिलेली वीस लाख अक्षरांची आरती. एका जिवाणूचे दोन होताना ती पुन्हा उतरवून काढावी लागते. तुम्ही रात्री दूध विरजता आणि झोपता, तेवढ्यात आत हजारो कोटी वेळा हे नक्कलकाम होतं. क्वचित एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुका वाहून जातात, एखादी टिकते आणि मग कायमची त्या घराण्याची होते. डबीत एक अतिसूक्ष्म भोक आहे. डीएनएचा धागा त्यातून सरकतो, प्रत्येक अक्षराला विजेचा प्रवाह जरा वेगळा हलतो, आणि त्यावरून अक्षरं वाचली जातात. मग तुमच्या चुका बाकीच्या गावांतल्या चुकांशी ताडून बघायच्या, की वंशवृक्ष तयार."

रंगराव समाधानानं म्हणाले, "म्हणजे फेरफार उतारा. प्रत्येक हस्तांतराची नोंद."

"अगदी तसाच."

"तर मग लिहून घ्या. तुकोजीपर्यंत जाईल तो."

डॉक्टरीणबाई जायला निघाल्या तेव्हा शालनबाईंनी त्यांच्या हातावर खोबऱ्याची वडी ठेवली आणि हळूच विचारलं, "ते यंत्र चुकत नाही का हो कधी?"

"फार क्वचित."

"बरं," शालनबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या.

*

शालनबाईंचं माहेर पळसखोरी, वारणेकाठचं लहानसं गाव. तिथं त्यांचा भाऊ बजरंग सूर्यवंशी चार म्हशी राखून होता. रंगराव या घरचे जावई. धोंड्याच्या महिन्यात अनारशांचं ताट घेताना, जत्रेत, बारशाला, जेव्हा जेव्हा ते तिथं जेवायला बसले तेव्हा दह्याची वाटी पुढे आली की एक चमचा घ्यायचे, जीभ टाळूला लावायचे आणि म्हणायचे, "छान आहे. पण आमच्याकडचं वेगळं." बजरंगला हे वाक्य इतकं पाठ झालं होतं की वाटी ठेवतानाच तो म्हणायचा, "घ्या दाजी. तुमच्याकडचं येगळंच."

निकाल घेऊन डॉ. मुजावर स्वतः आल्या. ऐन जेवणाची वेळ होती. शालनबाईंनी दहीभात कालवून ठेवला होता, वर मोहरी-मिरचीची फोडणीही पडली होती.

"काका, तुमचं विरजण खूप जुन्या घराण्यातलं आहे. अभिनंदन."

रंगरावांनी शालनबाईंकडे पाहिलं. तुकोजी घोड्यासकट त्यांच्या चेहऱ्यावरून दौडत गेले.

"हे घराणं पळसखोरीचं आहे."

घोडा थांबला.

"वारणेकाठच्या पळसखोरीत बऱ्याच घरांत हेच विरजण आहे आणि त्या घराघरांमध्ये आपसांत शेकडो फरक पडलेत. म्हणजे ते तिथं फार पूर्वीपासून आहे. त्या झाडाची एक फांदी म्हणजे कोणी बजरंग सूर्यवंशी यांचं घर. आणि तुमचं विरजण त्या फांदीला फुटलेली डहाळी."

"उलटं असेल!" रंगराव ताडकन म्हणाले. "ही माहेरी जाते ना, हिनं आमचं तिकडं नेलं असेल!"

"तसं असतं तर तुमच्याकडच्या चुका तिकडे सापडल्या असत्या. एकही नाही. तिकडच्या मात्र सगळ्या तुमच्यात आहेत. चुका साठण्याच्या वेगावरून डहाळी फुटली त्याला चाळीसेक वर्षं झाली असावीत."

चाळीसेक वर्षांपूर्वी काय झालं होतं याचा हिशोब करायला तलाठ्याची गरज नव्हती. दोघांनीही शालनबाईंकडे पाहिलं. त्या पदराला हात पुसत शांतपणे म्हणाल्या:

"आपल्या लग्नात इथल्या जेवणाच्या आचाऱ्यानं मठ्ठ्याला दही कमी पडलं म्हणून आतलं गाडगं रिकामं केलं. विरजणासकट. वरात घरी आली तेव्हा सासूबाई ते धुतलेलं गाडगं पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मामंजींना कळलं असतं तर आचाऱ्याचं काही खरं नव्हतं. माझ्या आईनं मला वाटेसाठी दहीभात बांधून दिला होता. त्यातला घासभर उरला होता. सासूबाईंनी चार शितं दुधात घातली. सकाळी कवडीसारखं घट्ट दही. मामंजी एक घास खाऊन म्हणाले, शाब्बास, याला म्हणतात इंगवल्यांचं विरजण."

"आणि तुम्ही दोघींनी मला सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगतच होता."

डॉ. मुजावर यांना एकाएकी दुसरीकडे जायचं असल्याची आठवण झाली. त्या गेल्या.

रंगराव उठले. त्यांना सभेतली पंचवीस माणसं दिसत होती, भिंतीतला खिळा दिसत होता, आणि 'घ्या दाजी' म्हणणारा बजरंग तर फारच स्पष्ट दिसत होता. त्यांनी गाडगं उचललं, मोरीत उपडं केलं आणि वरून नळ सोडला.

"परक्याचं विरजण इंगवल्यांच्या घरात नको!"

पाणी वाहत राहिलं. शालनबाईंनी पुढे होऊन नळ बंद केला.

"ते आणि मी एकाच दिवशी या घरात आलो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "ते परकं, तर मी कोण?"

रंगरावांकडे प्रत्येक प्रश्नाला नियम असायचा. याला सापडेना. ते नियम शोधत असतानाच शालनबाईंनी ओट्यावरचा दहीभात डब्यात भरला, झाकण लावलं, चपला घातल्या आणि त्या पळसखोरीला निघून गेल्या.

रंगरावांच्या मनात आलेला पहिला विचार, त्यांच्या बाजूनं बोलायचं तर, फारसा उदात्त नव्हता. तो असा, की आपलं जेवण गेलं.

*

पुढचे काही दिवस त्यांनी बाणेदारपणे काढले. पाकिटातलं दही आणलं. ते सुरीनं कापावं लागलं. त्याचंच विरजण दुधाला लावलं, तर सकाळी चमच्याबरोबर हातभर तार वर आली. फोन करायला ते दोनदा बसले. पण फोन केल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणार होतं, आणि ते अजून तयार नव्हतं.

मग डॉ. मुजावर यांचाच फोन आला.

"काका, एक चांगली बातमी. तुमच्या डहाळीवर अकरा फरक आहेत. पळसखोरीत नाहीत, आम्ही तपासलेल्या दुसऱ्या कुठल्याही विरजणात नाहीत. ते तुमच्याच घरात झालेत. त्यातल्या एकानं दही जास्त घट्ट लागतं आणि उन्हाळ्यातही आंबट होत नाही."

"म्हणजे आमच्याकडचं खरंच वेगळं होतं?" रंगराव उभे राहिले.

"होय! स्वतंत्र शाखा म्हणून नोंद होईल. फक्त तिचा जिवंत नमुना लागेल."

"तुम्ही नेला होता की."

"तो आम्ही फोडला. तुमच्यासमोरच."

"मग त्यातली अक्षरं तुमच्याकडे आहेत ना? त्यावरून करा."

"काका, अक्षरं म्हणजे कागदावरची आरती. म्हणायला कोणीतरी जिवंत लागतं. गाडग्यातलं चमचाभर द्या. किंवा तुम्ही कोणाला विरजण दिलं असेल तर त्यांच्याकडचं चालेल."

रंगरावांना शेजारच्या बाईंची रिकामी वाटी आठवली. ते मोरीपाशी जाऊन उभे राहिले. चाळीस वर्षं एका घरात, एका हातानं, रोज रात्री कोमट दुधात बोट बुडवून लावलेलं ते विरजण. ती सांगलीची उन्हं, महापुरात माळ्यावर चढवलेलं ते गाडगं, मुलाच्या तापात, परीक्षांत, सासूबाईंच्या तेराव्याला लागलेलं ते दूध. त्या सगळ्याची मिळून अकरा अक्षरं झाली होती, आणि त्यांनी ती नळाखाली धरली होती.

"नाही हो," ते म्हणाले, "कोणाकडे नाही. होतं ते सगळं..."

आणि बोलता बोलता त्यांची नजर ओट्यावर गेली. डबा नेहमी जिथे असायचा ती जागा रिकामी होती.

"दहीभात!" रंगराव ओरडले. "डॉक्टरीणबाई, तो दहीभात घेऊन गेली!"

*

पळसखोरीची एसटी विजेवर चालायची आणि प्रत्येक थांब्याचं नाव स्वतःच पुकारायची. रंगरावांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. ते भाषण जुळवत होते. मांडीवर स्वतः घासलेला स्टीलचा डबा होता. वाटेत त्यांना एकच धास्ती. भात शालननं वाटेत खाल्ला असेल तर? भूक लागल्यावर माणूस वारसा बघत नाही. आणि समजा खाल्ला नसेल, तरी आपल्याला बघून ती आतल्या खोलीत निघून गेली तर? डबा रिकामा परत नेणं त्यांना जमलं असतं. एकट्यानं परत जाणं जमलं नसतं. हे त्यांना वाटेतला शिगावचा थांबा येईपर्यंत नीट कळलं.

पळसखोरीत बजरंगच्या अंगणात मांडव होता. गावाच्या विरजणाला मानपत्र मिळायचं होतं, सरपंच आले होते, डॉ. मुजावरही. बजरंगनं रंगरावांना फाटकात बघितलं आणि दोन्ही हात पसरले.

"या दाजी! ए, दाजींना फेटा बांधा! जावई हाईत आपल्या दह्याचे!"

मांडव हसला. रंगरावांच्या डोक्याला फेटा गुंडाळला गेला आणि त्यांना खुर्चीवर बसवण्यात आलं. समोर दह्याची वाटी आली. बजरंग कमरेवर हात ठेवून उभा.

"घ्या. कसं हाय?"

रंगरावांनी चमचाभर घेतलं. जीभ टाळूला लावली. सगळा मांडव त्या जिभेकडे बघत होता.

"आमच्याकडच्यासारखं," ते म्हणाले.

बजरंगनं शिट्टी मारली. ती थांबायच्या आत रंगराव उभे राहिले आणि त्यांनी माईक हातात घेतला. स्वयंपाकघराच्या दारात शालनबाई आल्या होत्या. हातात झारा होता.

"मंडळी," रंगराव म्हणाले, "मी जन्मभर वारस नोंदी केल्या. बापाचं नाव खोडलं, मुलाचं लिहिलं. वारसा असाच चालतो असं मला वाटायचं. वरून खाली, एका आडनावाखाली. माझ्या घरातला सगळ्यात जुना वारसा मात्र एका नव्या नवरीच्या डब्यातून आला. तो ज्यांनी सांभाळला त्या दोन बायकांनी चाळीस वर्षं श्रेय माझ्या पूर्वजाच्या घोड्याला जाऊ दिलं. मी त्याला परकं म्हणालो. चूक माझी. पण विज्ञान काय म्हणतं? ओळख चुकांवरूनच पटते! पळसखोरीच्या या थोर विरजणात नसलेल्या अकरा चुका आमच्या घरात झाल्या. आमच्याच. आणि त्या अकरा चुकांचा मला अभिमान आहे!"

"अकराच?" दारातून शालनबाई म्हणाल्या.

मांडवात बायकांच्या बाजूनं जे हसू उठलं ते बराच वेळ बसलं नाही. रंगराव थांबून राहिले. त्यांनाही हसू आलं होतं, पण फेट्याखाली ते शोभलं नसतं.

"डॉक्टरीणबाई," हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "शाखेच्या नावाचा रकाना रिकामा असेल. इंगवले लिहू नका. 'शालन' लिहा. नुसतं शालन. नवऱ्याचं नाव नको, बापाचं नको. ती ज्या दिवशी आली त्या दिवसापासून आमचं घर नीट विरजलं. हा फेरफार मी आज तुमच्या सगळ्यांसमोर मंजूर करतो."

टाळ्या पडल्या. सरपंचांनी डोळे पुसले, त्यांना धूर लागला असेल. बजरंगनं दाजींना मिठी मारली तेव्हा फेटा सुटला. डॉ. मुजावर नळी घेऊन पुढे झाल्या. "मावशी, जिवंत नमुना?"

"आहे की," शालनबाई म्हणाल्या. "आले त्याच रात्री चार शितं दुधात घातली. आत वेगळं गाडगं ठेवलंय. या मेल्यांच्या गाडग्यात मिसळू दिलं नाही. आमच्याकडचं वेगळं असतं."

त्यांनी हे इतक्या सहज म्हटलं की 'आमच्याकडचं' म्हणजे कुठलं, हे रंगरावांना क्षणभरानं उमगलं.

गर्दी मानपत्राभोवती जमली. रंगराव सुटलेला फेटा सावरत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. या उंबऱ्यात जावयानं काही मागायचं नसतं. जे पुढे येईल ते घ्यायचं, आणि वर नाव ठेवायचं. चाळीस वर्षं त्यांनी हे दोन्ही चोख केलं होतं. शालनबाईंनी त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं, झाकण काढून आत पाहिलं, आणि कडेला राहिलेला साबण बोटानं पुसून काढला.

"कधीची गाडी आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोड्या वेळानं. तू म्हणशील तेव्हाची."

"मग यात काय घालू?"

रंगरावांनी मागे वळून बघितलं. कोणी ऐकत नव्हतं. ते घसा साफ करून अगदी हळू आवाजात म्हणाले,

"दहीभात घाल. दोघांना होईल एवढा. आणि तेवढी लोणच्याची फोड बाजूला ठेव, सगळा भात लाल होतो."